वाचकांचे प्रश्न : जॅग्वारची हिरवी पाच वर्षे

मागील अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात असे लिहिले होते, की फॉर्म्युला वनमध्ये अनेक विश्वविजेतेपदे मिळवलेल्या रेड बुल संघाचा कारखाना मुळात जॅग्वारचा होता. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी एरवी संपूर्ण लेखावरही येत नाहीत. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न एकमेकांना धरून असल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एका शेजाऱ्यांनी नुकतीच जॅग्वार गाडी घेतली. ती पाहून माझा दहावीतला मुलगा म्हणाला, की ही कंपनी फॉर्म्युला वनमध्ये उतरली होती आणि हरून परत आली. मी त्याला म्हटले, की टाटांची कंपनी अशी माघार घेणार नाही. आमच्यापैकी कोण बरोबर आहे? आणि माघार घेतली असेल, तर ती का घेतली?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : शर्यतीबाबत आपला मुलगा बरोबर आहे आणि टाटांबाबत आपण. जॅग्वारचा फॉर्म्युला वन संघ २००० ते २००४ अशी पाच वर्षे धावला. टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना विकत घेतल्या त्या २००८ च्या जूनमध्ये. तोवर तो संघ विकला जाऊन साडेतीन वर्षे उलटली होती. तेव्हा त्या माघारीचे श्रेय वा दोष, काहीच टाटांकडे जात नाही.

जॅग्वार १९८९ पासून फोर्डच्या मालकीची होती. शर्यतींच्या जगात तिचे नाव मोठे होते, परंतु ते ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीमुळे. ती शर्यत तिने १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा आणि पुढे १९८८ व १९९० मध्ये जिंकली. फॉर्म्युला वनमध्ये मात्र या नावाचा संघ कधी नव्हता. १९९९ मध्ये फोर्डने आपल्या महागड्या गाड्यांच्या कंपन्या एका विभागाखाली आणल्या आणि जॅग्वारचा खप जर्मन गाड्यांच्या तोडीस नेण्यासाठी शर्यतीचा मार्ग निवडला. संघ नव्याने उभारण्याऐवजी तीन वेळचे विश्वविजेते जॅकी स्टुअर्ट आणि त्यांचा मुलगा पॉल यांचा इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथील संघ विकत घेण्यात आला. हा संघ १९९७ पासून फोर्डच्याच पाठबळावर धावत होता. विक्रीनंतर काही महिन्यांतच, १९९९ च्या सप्टेंबरमध्ये, नुर्बुर्गरिंगच्या पावसाळी शर्यतीत जॉनी हर्बर्टने त्याला पहिला आणि एकमेव विजय मिळवून दिला. त्या हंगामात संघांच्या तक्त्यात तो चौथा आला. म्हणजे फोर्डच्या हाती आले ते बुडते जहाज नव्हते. छोटे, नीट चाललेले, वर जाणारे घर होते.

पुढच्या जानेवारीत नव्या गाडीचे अनावरण लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर झाले. लॉर्ड्स म्हटले की आपल्याला १९८३ आठवते, म्हणून ती बातमी वाचल्याचे माझ्या पक्के स्मरणात आहे. गाडीला इंग्लंडचा परंपरागत गडद हिरवा रंग दिला होता. आदल्या वर्षी फेरारीकडून खेळताना अवघ्या दोन गुणांनी विश्वविजेतेपद हुकलेला एडी अर्वाइन तिचा मुख्य चालक होता. मी तेव्हा नौपाड्यात राहत होतो. युरोपातील शर्यत रविवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू होई आणि त्या वेळेला मी घराबाहेर पडत नसे. त्या हंगामात माझे डोळे सतत त्या हिरव्या गाडीला शोधत, आणि ती बहुतेक वेळा मागच्या घोळक्यात सापडे किंवा कडेला उभी असलेली दिसे.

निकाल पाहा. २००० मध्ये चार गुण आणि नववा क्रमांक. २००१ मध्ये नऊ गुण आणि आठवा. २००२ मध्ये आठ, २००३ मध्ये अठरा आणि २००४ मध्ये दहा गुण, आणि या तिन्ही वर्षी सातवा क्रमांक. पाच हंगामांतील ८५ शर्यतींत मिळून ४९ गुण झाले. पहिल्या तिघांत स्थान मिळाले ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा अर्वाइननेच तिसरा क्रमांक मिळवला : २००१ मध्ये मोनाकोला आणि २००२ मध्ये मोन्झाला. विजय एकही नाही. २००३ पासून पहिल्या सहांऐवजी पहिल्या आठांना गुण मिळू लागले होते, त्यामुळे शेवटच्या दोन वर्षांचे आकडे आधीच्या वर्षांशी ताडून पाहताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते.

असे का झाले, याचे माझे उत्तर असे आहे, की संघाला पैसा कमी पडला नाही, त्याला एक धनी मिळाला नाही. जॅकी स्टुअर्ट नव्या संघाच्या सुरुवातीलाच बाजूला झाले. फोर्डमधील ज्येष्ठ अभियंते नील रेसलर यांनी सूत्रे घेतली. त्यांच्यानंतर अमेरिकन शर्यतींतील नामवंत बॉबी रहाल आले. ते स्थिरावण्याआधीच, २००१ च्या आरंभी, तीन वेळचे विश्वविजेते निकी लाउडा यांना वरच्या पदावर आणले गेले. एका म्यानात दोन तलवारी राहिल्या नाहीत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रहाल गेले. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये लाउडाही गेले आणि टोनी पर्नेल आले. इकडे फोर्डच्या मुख्यालयातही असेच चालले होते. संघ विकत घेतला गेला तेव्हा सर्वोच्च पदावर असलेले जॅक नासर २००१ च्या ऑक्टोबरमध्ये पायउतार झाले. त्या एका वर्षात फोर्डला सुमारे ५.४ अब्ज डॉलरचा तोटा झाला होता. अशा वेळी डेट्रॉइटशेजारच्या डिअरबॉर्नमध्ये बसलेल्या नव्या माणसाला मिल्टन कीन्समधील हिरवी गाडी कशी दिसणार? ज्याने स्वप्न पाहिले तो गेला, आणि ज्याच्या टेबलावर बिल आले त्याने ते स्वप्न कधी पाहिलेच नव्हते.

हे मी अनुभवाने लिहितो. वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी वीस वर्षे काढली. तिथे एका अवघड साच्याचे काम चालू असताना दोन वर्षांत तीन प्रमुख बदलले. पहिल्याने आराखडा मंजूर केला, दुसऱ्याने पोलाद बदलायला लावले आणि तिसऱ्याने साचा बाहेरून करून घ्यायचे ठरवले. तिघेही हुशार होते आणि प्रत्येकाचा निर्णय त्याच्या जागी चुकीचा नव्हता. साचा मात्र शेवटपर्यंत झाला नाही, आणि त्यावर हात झिजवलेल्या फिटरांना तो का झाला नाही, हे कोणी सांगितलेही नाही.

शेवट लवकर झाला. १७ सप्टेंबर २००४ या दिवशी फोर्डने फॉर्म्युला वन सोडत असल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी कॉव्हेंट्रीतील ब्राउन्स लेन या जॅग्वारच्या जुन्या कारखान्यात गाड्यांची जुळणी बंद होणार असल्याचेही जाहीर झाले. ज्या शहराने जॅग्वार घडवली, तेथील कामगारांचे काम जात असताना शर्यतीवर खर्च चालू ठेवणे कोणालाही पटवता आले नसते, हे मला मान्य आहे. माझी तक्रार त्या दिवसाच्या निर्णयाबद्दल नाही, आधीच्या चार वर्षांबद्दल आहे. ब्राझीलमध्ये इंटरलागोसला झालेल्या शेवटच्या शर्यतीत तर जॅग्वारच्या दोन्ही गाड्या एकमेकींवरच आदळल्या आणि संघाचा चालक मार्क वेबर याची शर्यत तिथेच संपली. नोव्हेंबरमध्ये रेड बुलने संघ घेतला, आणि तोही नाममात्र एका डॉलरला, पुढील हंगामांत मोठी गुंतवणूक करण्याच्या अटीवर, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते.

आपल्या मुलाला एवढे अवश्य सांगा, की कारखाना तोच राहिला. मिल्टन कीन्सच्या त्याच घरातून निघालेल्या गाड्यांनी २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षे चालकांचे आणि संघांचे अशी दोन्ही विश्वविजेतेपदे मिळवली. होंडाच्या बाबतीतही असेच घडले. २००८ च्या अखेरीस ती कंपनी बाहेर पडली, आणि तिच्याच कारखान्यात घडलेल्या गाडीने २००९ मध्ये ब्रॉन या नव्या नावाखाली विजेतेपद मिळवले.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी छोटी रेसिंग गाडी बनवण्याचा एक संघ आहे आणि मी त्यात सस्पेन्शनचे काम करते. फोर्डसारख्या कंपनीकडे अभियंत्यांची कमतरता नसणार. मग जॅग्वारच्या गाडीत तांत्रिकदृष्ट्या नेमके काय चुकले?
— एक विद्यार्थिनी, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘जॅग्वारची गाडी’ या शब्दांपासूनच सुरुवात करायला हवी. त्या गाडीत जॅग्वार कंपनीने घडवलेले फारच थोडे होते. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मिल्टन कीन्सच्या संघाने बनवली होती. इंजिन नॉर्थॅम्प्टनच्या कॉसवर्थचे होते, आणि फोर्डने १९९८ मध्ये कॉसवर्थचा शर्यतींचा विभाग विकत घेतलेला असल्यामुळे त्यावर नाव बदलून लावणे सोपे होते. जॅग्वारने दिले ते मुख्यतः नाव, रंग आणि झेप घेणाऱ्या जॅग्वारची आकृती. शोरूममधील गाडी बनवणाऱ्या अभियंत्यांचे ज्ञान शर्यतीच्या गाडीला फारसे उपयोगी पडत नाही. एकाला गाडी दहा वर्षे चालावी अशी बनवायची असते, तर दुसऱ्याला दोन तास. पण त्या दोन तासांसाठी दर पंधरवड्याला नवा भाग बसवायचा असतो. त्यामुळे फोर्डकडे हजारो अभियंते होते, हे खरे असले तरी त्या संख्येचा इथे उपयोग नव्हता.

सर्वांत मोठी उणीव वायुगतिकीत होती. फॉर्म्युला वन गाडीचा वेग इंजिनापेक्षाही तिच्या पंखांवर आणि तळाखालून जाणाऱ्या हवेवर अवलंबून असतो. हवा गाडीला रस्त्यावर जितकी दाबून धरील, तितक्या वेगाने ती वळण घेऊ शकते. हा दाब मोजण्यासाठी गाडीची लहान प्रतिकृती विंड टनेलमध्ये, म्हणजे वायुबोगद्यात, सरकत्या पट्ट्यावर ठेवून तिच्यावर वारा सोडतात. जॅग्वारला अशा कामासाठी काही काळ कॅलिफोर्नियातील बोगद्यावर अवलंबून राहावे लागले. इंग्लंड आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांत आठ तासांचे अंतर आहे. प्रतिकृतीचा एखादा भाग बदलायचा झाल्यास तो घडवणारा एका खंडावर आणि तो तपासणारा दुसऱ्या खंडावर, अशी ती अवस्था होती. आपण सस्पेन्शनवर काम करता, तेव्हा आपल्याला कल्पना येईल, की मापन आणि दुरुस्ती यांमधला वेळ जितका वाढतो, तितके मापनाचे मोल घटत जाते. २००२ ची गाडी तर इतकी फसली, की हंगामाच्या मध्यावर तिची सुधारित आवृत्ती आणावी लागली. त्यानंतरच मोन्झाचा तिसरा क्रमांक शक्य झाला.

ही उणीव संघाला कळत नव्हती असे नाही. २००१ च्या जूनमध्ये रहाल यांनी मॅक्लारेन संघाचे तांत्रिक संचालक एड्रियन न्यूवी यांच्याशी करार झाल्याचे जाहीर केले होते. दोघे जुने मित्र होते. परंतु मॅक्लारेनचे प्रमुख रॉन डेनिस यांनी न्यूवींचे मन वळवले आणि ते गेले नाहीत. दोन महिन्यांत रहाल यांचेच पद गेले. न्यूवी पुढे त्याच मिल्टन कीन्सच्या इमारतीत आले, पण २००६ मध्ये, आणि तेव्हा दारावर रेड बुलचे नाव होते. त्यांना पहिला विजय मिळवायला तिथेही तीन वर्षे लागली : २००९ च्या एप्रिलमध्ये, शांघायला, सेबास्टियन फेटलच्या हातून. या तीन वर्षांकडे माझे लक्ष वारंवार जाते, कारण जॅग्वारच्या कोणत्याही प्रमुखाला तीन पूर्ण हंगाम मिळालेच नाहीत.

पर्नेल यांच्या कारकिर्दीबद्दल मात्र मला आदराने लिहिले पाहिजे. ते स्वतः मोजमापाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणाऱ्या पाय रिसर्च या कंपनीचे संस्थापक होते, आणि त्यांच्या काळात गाडी शिस्तीने सुधारत गेली. २००३ मध्ये मार्क वेबरने ब्राझील आणि हंगेरीत पात्रता फेरीत तिसरे स्थान मिळवले, तर २००४ मध्ये मलेशियात तो थेट पहिल्या रांगेत, दुसऱ्या स्थानावर उभा होता. एका फेरीसाठी गाडी वेगवान झाली होती. शर्यतीत मात्र तिचे मागचे टायर लवकर झिजत आणि मिळवलेली जागा फेरीगणिक निसटत जाई. हा दोष आणखी दोन हंगामांत सुटला असता, असे माझे मत आहे, पण ते दोन हंगाम त्यांना मिळाले नाहीत.

आपल्या विद्यार्थी संघाचीही अडचण याच जातीची असणार. दरवर्षी अंतिम वर्षाचे विद्यार्थी बाहेर पडतात आणि त्यांच्यासोबत गेल्या वर्षीचे सस्पेन्शन असे का ठेवले होते, हे ज्ञानही निघून जाते. आपण घेतलेल्या प्रत्येक निर्णयामागचे कारण, त्यात फसलेले प्रयोगही, तारखेसह वहीत लिहून ठेवावे आणि ती वही दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या हाती आताच द्यावी. आकृत्या संगणकात टिकतात. कारणे टिकत नाहीत.

प्रश्न : जॅग्वारच्या शर्यतीच्या गाडीवर खरा हिरा बसवला होता आणि तो हरवला, असे ऐकले. हे खरे आहे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : होय, खरे आहे. २००४ च्या मोनाको शर्यतीत एका जाहिरातीचा भाग म्हणून दोन्ही जॅग्वार गाड्यांच्या नाकावर एकेक हिरा बसवला होता. ख्रिश्चन क्लीन या तरुण चालकाची गाडी पहिल्याच फेरीत संरक्षक कठड्यावर आदळली. शर्यत चालू असताना तिच्याजवळ संघाच्या माणसांना जाता आले नाही, आणि नंतर पाहतात तो हिरा जागेवर नव्हता. तो पुन्हा सापडला नाही. त्या हंगामातील जॅग्वारची सर्वांत गाजलेली बातमी ही ठरली, याचे मला तेव्हाही वाईट वाटले होते. त्याच वर्षी मलेशियात पहिल्या रांगेत आलेली गाडी लोकांच्या स्मरणात राहायला हवी होती.

प्रश्न : या संघाचा भारताशी काही संबंध आला होता का? आणि आता मालकी टाटांकडे असताना जॅग्वार पुन्हा शर्यतीत उतरली आहे का?
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : संबंध आला होता, आणि तो फारसा कोणाला आठवत नाही. १४ जून २००१ रोजी सिल्व्हरस्टोनच्या मार्गावर नरेन कार्तिकेयनने जॅग्वारची गाडी चालवून पाहिली. फॉर्म्युला वन गाडी चालवणारा तो पहिला भारतीय ठरला, तो याच हिरव्या गाडीत बसून. ती केवळ चाचणी होती. प्रत्यक्ष शर्यतीत तो २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून उतरला. तरीही, जी कंपनी सात वर्षांनी भारतीय मालकीची होणार होती, तिच्या गाडीत पहिला भारतीय बसला होता, ही गोष्ट मी आजही मुलांना आवर्जून सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की जॅग्वार फॉर्म्युला वनमध्ये परतली नाही, परंतु विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेत ती २०१६ च्या अखेरीपासून धावत आहे. २०२१ पासून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे नाव संघाच्या नावात जोडले गेले आहे. या वेळी निवड विचारपूर्वक झाली, असे मला वाटते. फॉर्म्युला ईमध्ये चॅसी आणि बॅटरी सर्वांना एकसारखी मिळते, तर मोटर, इन्व्हर्टर आणि त्यांचे नियंत्रण ज्याचे त्याने बनवायचे असते. म्हणजे वायुबोगद्यात अमाप पैसा ओतावा लागत नाही, आणि जे काम शर्यतीसाठी होते, त्याचा उपयोग रस्त्यावरच्या विजेच्या गाडीलाही होऊ शकतो. २००० मध्ये नेमका हाच दुवा नव्हता.

सुरुवात तिथेही अवघडच होती. पहिला विजय मिळाला तो २०१९ मध्ये रोमला, मिच इव्हान्सच्या हातून, म्हणजे तिसऱ्या हंगामात. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ही मालिका प्रथमच भारतात, हैदराबादला हुसेनसागराच्या काठी आली. नवी मुंबईतील काही तरुण मित्र मुद्दाम रात्रीच्या बसने तिकडे गेले होते. मी घरी बसून पाहत होतो. टाटांच्या मालकीची गाडी भारतीय रस्त्यावर धावत असताना सॅम बर्डची जॅग्वार वळणावर घसरत जाऊन इव्हान्सच्या जॅग्वारवर आदळली. इंटरलागोसची ती शर्यत माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि आता पुन्हा माणसे बदलणार, अशी भीती मनात आली.

तसे झाले नाही. चालकांत बदल झाला, पण संघ त्याच हाती राहिला. पुढच्याच हंगामात, जुलै २०२४ मध्ये लंडनला, जॅग्वारने संघांचे विश्वविजेतेपद मिळवले. पहिल्या हंगामापासून त्या दिवसापर्यंत संघाचे प्रमुख एकच होते, जेम्स बार्कले.